खराब प्रत

गिरिजाताई सबनीस दह्याचे रिकामे डबेसुद्धा टाकत नाहीत. अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या त्यांच्या घरी कुठल्या डब्यात दही आणि कुठल्यात कालची आमटी, हे देवच जाणे. अशा बाईने एक कागद फेकला आणि नेमका तोच नडला.

जुन्या कागदपत्रांच्या एका छोट्या संग्रहालयात त्या एकोणीस वर्षं नोकरी करताहेत. शंभर वर्षांपूर्वी हॉलिस नावाच्या आर्किटेक्टने गिरणी कामगारांसाठी बारा घरं बांधली होती. माणूस हातकामाच्या पंथातला, यंत्राच्या मालाला नाक मुरडणारा. मजुरालाही उजेडाचं, नीट घडवलेलं घर मिळालंच पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्याच्या नकाशाच्या दोन प्रती संग्रहात आल्या. एक कोरी करकरीत, दुसरी डागाळलेली, समासात पेन्सिलीने खरडलेली. नियम असा, की दोन प्रती असल्या तर चांगली ठेवायची. गिरिजाताईंचे वडील शाळामास्तर, घाणेरड्या वहीचे मार्क कापणारे. लेकीने दुसरं काय करावं?

गेल्या वर्षी ती घरं पाडायचं ठरलं. एका घरात नॉर्मा राहायची. वय ब्याऐंशी, जन्मही तिथलाच. घरं हॉलिसचीच असल्याचा कागद मिळाला असता, तर वारसा म्हणून घरं वाचली असती. कोऱ्या प्रतीवर त्याची सहीच नव्हती. ती होती डागाळलेल्या प्रतीवर, कामगारांच्या बायकांनी सांगितलेल्या बदलांखाली.

गिरिजाताई गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. पण शहराच्या वारसा समितीपुढच्या सुनावणीत त्या उभ्या राहिल्या आणि आपल्याच हातची नोंद वाचली: ‘दुसरी प्रत. खराब. काढून टाकली.’ सही आपण पाहिली होती, असंही सांगितलं. आठवण हा पुरावा होत नाही, असं समितीने अगदी नम्रपणे कळवलं. मी त्यांच्याच हाताखाली काम करते, सुनावणीला सोबत गेले होते; मला त्या नम्रपणाचाच जास्त राग आला.

परत येताना मीच ड्राइव्ह करत होते. म्हटलं, “ताई, तुम्ही रूल फॉलो केला यार, तुमचा काय फॉल्ट?”

“रूल फॉलो केला गं. त्या बायकांनी काय सांगितलं होतं, ते वाचायला थांबले नाही.”

मे महिन्यात घरं पाडली. वृद्धाश्रमात जाण्याआधी नॉर्माने बुटांचा एक खोका संग्रहालयात आणून दिला. आत तिच्या आईची पत्रं, बिलं, तेलकट डागांचे कागद.

“यातलं चांगलं असेल तेवढं ठेव,” ती गिरिजाताईंना म्हणाली. टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

खोका सहा महिने टेबलावर पडून आहे. गिरिजाताईंना त्याचं झाकण उघडवत नाही.