ट्रकाचं दुकान

गोव्यातल्या डिचोलीत माझा भजी-पावाचा गाडा आहे आणि शेजारी एका पोराचं पंक्चरचं दुकान. खाणीचे ट्रक धावायचे तेव्हा त्याच्याकडे रांग लागायची, आणि रांगेतले ड्रायव्हर माझी भजी खायचे. खाणी थांबल्या. आता रस्त्यावर स्कूटरी भरपूर आहेत, पण त्याला त्या दिसत नाहीत.

कोणी स्कूटर ढकलत आणली की हा खुर्चीतून न उठता सांगतो, "ट्रक असेल तर आणा." हवेचं यंत्र रोज पुसतो, आणि खाणीच्या रस्त्याकडे तोंड करून बसतो. जागेचा मालक दुसरा भाडेकरू शोधतोय, हे त्यालाही ठाऊक आहे. मी ओरडले की म्हणतो, "खाणी सुरू होतल्या, मावशे. मग ह्या स्कूटरींच्या गर्दीत ट्रक खंय उभो करू?"

परवा शाळेतल्या एक बाई भर उन्हात स्कूटर ढकलत आल्या. त्यांनाही त्याने तेच सुनावलं. माझं डोकं फिरलं. झारा ठेवला, त्याच्या दुकानातला लिव्हर उचलला आणि मीच टायर उचकटायला बसले.

"सरक मावशे, ट्यूब फाडतलंस," म्हणत त्याने लिव्हर हिसकावला. पंक्चर मात्र अगदी नीट काढलं.

बाईंनी विचारलं, "पुन्हा काही झालं तर इथेच आणू ना?"

हात पुसून तो खुर्चीत बसला. "ट्रक असेल तर आणा."

"आणा," मी बाईंना म्हटलं. "फक्त आधी मला हाक मारा."

तेव्हापासून लिव्हर माझ्या गाड्यावर असतो.