मोनिकाचं फोल्डर

"चार फोटो पुसायला एवढं जड जातंय तुला, आई?"

"चार नाहीत, अमेय. मोनिकाच्या फोनमधले सगळेच काढ म्हणतोयस तू. आणि त्या फाइलीतला एकही फोटो असा पुसता येत नाही, कितीदा सांगू?"

"पुसता येत नाही असली फाइल करायचीच कशाला?" सोफ्यावरून अभयराव म्हणाले.

"तुमच्यामुळंच केली," उमा म्हणाली. " रिमोटशी खेळताना अख्ख्या दिवाळीचे फोटो कुणी उडवले होते?"

अभयराव पेपरामागं गेले.

रविवारी बिडकीनहून अमेयसाठी मुलीकडचे येणार होते. टीव्हीवर दिवसभर त्या फाइलीतले घरचे फोटो फिरत असायचे. त्यात अमेयपासून घटस्फोट घेऊन गेलेली मोनिका हसत समोर आली म्हणजे?

उमा औरंगपुऱ्यातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. पोरांनी काही बिघडवू नये म्हणून तिथं सगळं दाबून एका फाइलीत बांधून ठेवायची. वाचता येईल, बदलता येणार नाही. घरचे फोटोही तिनं तसेच बांधले होते; ज्याच्या फोनमधले, त्याच्या नावाच्या फोल्डरात. आता एकच वाट होती. सगळं उलगडायचं, मोनिकाचं फोल्डर वगळायची कमांड द्यायची आणि नवी फाइल बांधायची.

"करते," म्हणून ती आत जाऊन बसली. काळ्या पडद्यावर ओळी सरकू लागल्या. बाहेर मॅच लागली. चहाचं काय झालं, असं कुणीतरी विचारलं. तिला नव्हे, चहालाच विचारावं तसं.

फाइल झाली. सवयीप्रमाणं ती उघडून तपासू लागली. अभयरावांच्या फोल्डरात नवी गाडी, गच्चीवरची टाकी, ऑफिसातले सत्कार. अमेयच्या फोल्डरात अमेय. महालक्ष्म्यांच्या पंगतीत, फोटोच्या कडेला भात वाढणारा एक हात होता. बांगड्यांवरून तिनं तो ओळखला, तिचाच होता. हातामागची बाई फोटोत नव्हती.

पुन्हा पहिल्यापासून बघितलं. तिचा चेहरा कुठंच नाही.

मग तिनं जुनी फाइल उघडली. मोनिकाच्या फोल्डरात गच्चीत केस वाळवणारी उमा होती. रिक्षात मांडीवर पिशव्या घेऊन बसलेली उमा. कॉलेजच्या दारात, "आई, इकडं बघा की!" म्हटल्यावर दचकून हसलेली उमा.

फाइलीतला फोटो पुसता येत नसला, तरी अख्खी फाइल एका कमांडनं जाते. तिनं नवी फाइल पुसली आणि बाहेर येऊन टीव्हीपुढं उभी राहिली.

"आई, बाजूला हो ना, ओव्हर चाललीय."

"जुनीच फाइल राहणार," उमा म्हणाली. "मोनिकाचं फोल्डर निघणार नाही. रविवारी टीव्ही बंद ठेवायचा असला तर ठेवा."