कोडोलीच्या स्वयंपाकघरात हमस

पुण्याहून एसटीत बसले तेव्हा मांडीवर कडीचा डबा होता आणि त्यात काबुली चणे भिजत होते. कोडोलीला मैत्रिणीकडे, सुनंदाकडे चालले होते. कॉलेजात असताना एकदा गेले होते. आम्ही बौद्ध, हे आडनावावरून कळताच तिच्या काकूंनी मला बाहेर सोप्यात बसवून कोनाड्यातल्या वेगळ्या कपात चहा दिला होता. त्या कपाचा राग अजून गेलेला नाही. या वेळी ठरवलं होतं, त्यांच्या स्वयंपाकघरात रांधेन, नाहीतर पाणीही न पिता परत फिरेन.

हमस, म्हणजे काबुली चण्यांची अरबी चटणी, मला हॉस्टेलवरच्या जॉर्डनच्या मैत्रिणीने शिकवलं. चणे रात्रभर भिजवायचे, चिमूटभर सोडा घालून. प्रवासात ते आपोआप होतं, फक्त डब्याचं झाकण घट्ट हवं. माझं नव्हतं, ओढणी भिजली. सकाळी कोल्हापुरात शिवाजी पेठेतून पांढरे तीळ, लसूण, लिंबं घेतली आणि कोडोलीची गाडी पकडली. उसाच्या ट्रॅक्टरमागे ती रांगत जाते, वेळ हाताशी ठेवून निघा.

काकूंनी हसून सोप्याकडे बोट दाखवलं. "पावण्यांनी चुलीपाशी कशाला यायचं?"

"मग मी पावणी न्हाय म्हणा की, काकू," म्हणत मी आत शिरले.

चणे बोटांत सहज चिरडेपर्यंत कुकरला लावले. मग परातीत गार पाणी घेऊन ते हलके चोळायचे, म्हणजे सालं वर तरंगतात. एकटीचं काम नव्हे. सुनंदा बसली, तिची वहिनी बसली. एकाच पाण्यात आमचे सगळ्यांचे हात, आणि काकू दारात उभ्या. लोडशेडिंग होतं, म्हणून भाजलेले तीळ, लसूण आणि चणे पाट्यावर वाटले, वर लिंबू पिळलं.

भाकरीबरोबर सगळ्यांनी खाल्लं. काकू म्हणाल्या, "आज माजा उपास हाय."

"उद्या सुटंल की," म्हटलं आणि वाटीभर त्यांच्याच फडताळात झाकून ठेवलं. निघताना चहा आला, कोनाड्यातल्या त्याच कपात. मी हात लावला नाही.

पुण्यात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सुनंदाचा फोन आला. "मीठ कमी पडलं म्हणत हुती काकू."

म्हणजे खाल्लं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तरी विचारलं, "आणि कप?"

"हाय की, तितंच."

चणे पुन्हा भिजत घातलेत. उद्या सकाळची गाडी आहे.