चढावर उचललेली चाकं

बारावीत असताना मी आबांबरोबर ट्रॅक्टरवरून बिद्रीच्या साखर कारखान्याला ऊस घालायला गेले होते. चढावर दोन ट्रॉल्यांच्या ओढीनं ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उचलली. आबांनी क्लच दाबला तशी ती खाली आदळली, पण ट्रॉल्या मागं सरकायला लागल्या.

"उतर, चाकामागं दगड लाव," आबा म्हणाले. मी उडी मारून दगड सारला, तेव्हा ट्रॅक्टर थांबला.

त्यानंतर बलाची गणितं सोडवताना उतारावरच्या ठोकळ्याच्या जागी मला आबाच दिसायचे. शेवटी मी म्हणाले, "आबा, एकच ट्रॉली लावा की."

"दोन खेपा पडत्यात."

"पडू देत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागची ट्रॉली सोडून ठेवली. तरी ते परत येईपर्यंत मी जेवले नाही.