मनूची रूम आणि निखिलचा मायक्रोवेव्ह

हे बघा, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण मी जो घोळ घातलाय ना, तो नुसता आठवला तरी मला अजून घाम फुटतो!

तेव्हा मी नुकतीच एका आयटी कंपनीत चिकटले होते. राहायला कर्वेनगरला, पीजीत. माझी सुजाताताई हडपसरला, दीड खोलीत, तिच्या मनूबरोबर. मनू म्हणजे माझी भाची, दुसरीतली. भाऊजी अचानक गेले आणि ताई एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. सकाळी एकदा, रात्री एकदा. ती येईपर्यंत मनू शेजारच्या काकूंच्या पायरीवर बसून असायची.

एका सकाळी मी ऑफिसात असताना ताईचा फोन. मागे भांड्यांचा खणखणाट.

"पल्ले, उद्या सकाळी मॅडम येणारेत घर बघायला. बालकल्याण समितीनं पाठवलंय. मनूचं ठरवायचंय त्यांना. मी मेसमधून परस्पर स्टॉपवर जाईन त्यांना आणायला. तोवर तू मनूजवळ थांब."

"मनूचं काय ठरवायचंय?"

फोन कट! पुन्हा लावला तर स्विच्ड ऑफ.

समिती! आणि मनूचं ठरवणार! शेजारच्या खुर्चीत आमचा निखिल, कंपनीच्या कामाला परदेशी, म्हणजे ऑनसाइट, राहून नुकताच आलेला. त्याला सांगितलं, तर गडी एकदम गंभीर.

"बाप रे! तिकडे असेच येतात घर बघायला. मुलाला वेगळी रूम नसली की संपलं. उचलून नेतात."

"अरे, पण हे हडपसर आहे!"

"आता सगळं तिकडच्यासारखंच होतंय ना इकडे."

झालं! डोळे मिटले की एकच चित्र. पांढरी गाडी, आत मनू, काचेवर तिचे तळवे. ताई मागून धावतेय. आधी भाऊजी गेले, आता मनू गेली तर ताई जगेल का हो?

आता तुम्ही म्हणाल, ताईचा फोन रात्रीपर्यंत बंद, तर दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं! पण भ्यायलेल्या माणसाला सुचतं का काही? मला एकच गोष्ट येत होती. क्लायंट व्हिजिट! आमच्याकडे क्लायंट येणार असला की कुंड्या भाड्यानं आणतात. प्रोजेक्ट नसलेल्या पोरांना ओळीत बसवून कीबोर्ड बडवायला लावतात. क्लायंट खूश!

म्हटलं, ठरलं. सकाळी टेम्पो घेऊन हडपसरला हजर. टेम्पोत निखिलचा मायक्रोवेव्ह, निखिलचा भलामोठा टीव्ही आणि निखिलची व्यायामाची सायकल, जिच्यावर तो टॉवेल वाळत घालतो. शिवाय दोन कुंड्या. त्या कुठून आल्या ते कृपा करून विचारू नका.

सगळं मांडलं. उभं राहायला जागा उरली नाही, पण घर कसं भरलेलं दिसत होतं! राहिली मनूची वेगळी रूम. मोरीपुढे चादर टांगली.

"मनू, ही तुझी रूम. मॅडमनी विचारलं तर काय सांगशील?"

"ही माझी रूम. पण मावशी, इथं बादली आहे."

"बादली पण तुझीच! मी हाक मारेपर्यंत बाहेर यायचं नाही."

तेवढ्यात दार उघडलं. पुढे ताई, मागे मॅडम. साठीला टेकलेल्या, कॉटनची साडी, खांद्याला कापडी पिशवी. ताईचं तोंड उघडंच राहिलं. मॅडम सायकलला वळसा घालून आत आल्या आणि माझी गाडी सुटली.

"नमस्कार मॅडम! मी मावशी! आम्हाला काही म्हणजे काहीच कमी नाही! मनूला रोज बदाम! रविवारी स्विमिंग!"

ताईनं माझा पाय पायानं दाबला. मला वाटलं, धीर देतेय.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. "मग मदत कशाला हवीय?"

"छे हो! आम्हाला कुणाच्या मदतीची गरजच नाही!"

"असं? मग ताई, तुम्ही अर्ज का केलात?"

अर्ज? मी ताईकडे बघितलं. ताई रडवेली झालेली.

"पल्ले, अगं मूर्ख मुली! आपल्या बुद्धविहारातल्या बाईंनी सांगितलं म्हणून मीच गेले होते. मनूला माझ्याजवळच ठेवता यावं म्हणून महिन्याला मदत मिळते. गरज आहे का, तेच बघायला आल्यात त्या!"

माझ्या पायाखालची फरशी सरकली. म्हणजे मनूला कुणी नेणार नव्हतं. पण तिच्या तोंडचा घास मी, सख्ख्या मावशीनं, टेम्पो लावून घालवला होता!

मॅडम शांतपणे मायक्रोवेव्ह न्याहाळत होत्या.

"अहो मावशी, हा लावता कुठे? घरात एकच पॉइंट दिसतोय, त्यात पंखा आहे."

मी घाईघाईनं त्याची वायर मागे सारली. तेवढ्यात चादरीमागून बारीक आवाज आला,

"मावशी, रूममधून बाहेर येऊ का? पाय भिजले."

मग मात्र मी भोकाड पसरलं. निखिल, ऑनसाइट, पांढरी गाडी, सगळं ओकून टाकलं. मॅडमनी ऐकून घेतलं.

"आजवर घरातला टीव्ही शेजारी लपवणारे पुष्कळ पाहिले," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्याचा आणून मांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मग त्या खाली बसल्या आणि मनूचे पाय पदरानं पुसले.

"बाळा, तुला कशाची भीती वाटते का गं?"

"आईला रात्री यायला उशीर झाला की." मग माझ्याकडे बोट. "आणि आज हिची."

मॅडमनी पहिलंच उत्तर मनावर घेतलं, नशीब माझं! मदत सुरू झाली, ताईनं रात्रीचं काम सोडलं आणि मनूची पायरी सुटली.

मॅडम अजूनही अधूनमधून येतात, मनूची विचारपूस करायला. पण उंबऱ्यातच थांबतात, आत डोकावतात आणि आधी ताईला विचारतात,

"मावशी घरात आहेत, की टेम्पो आणायला गेल्यात?"