सोबत कुणाची दिली

तिला विचारून, ओळख बदलून लिहितेय.

महिन्यापूर्वी अहेरीकडची एक सून सासूसोबत माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. मोहफुलं वेचायला जंगलात जायचं म्हटलं की ती घाबरून घरातच दडून बसायची. आमच्या भागात अशा भीतीचं कारण कुणी विचारत नाही. वाघच असणार. मीही विचारलं नाही. सासूला सांगितलं, एकटी पाठवू नका, घरातलं कुणी सोबत द्या.

आज दोघी पुन्हा आल्या, तेव्हा सासू म्हणाली, "तिच्या दिराले रोज संगं धाडतो बाई. तरी हिचं भेव वाढूनच राह्यलं."

आज पहिल्यांदा मी सासूला बाहेर बसवलं. सुनेनं दार नीट लागलंय ना, ते पाहिलं. मग म्हणाली, "वाघ मी कधी पायलाच नाई, मॅडम. भेव दिराचं हाये. आंधी तो लपून मागं यायचा. आता तुमीच त्याले संगं दिलं."

तिच्या बहिणीला बोलावून घेतलं. ती तिला माहेरी घेऊन निघाली, तेव्हा न्यायला आलेला दीर माझ्या दारात वहिनीची पिशवी धरून उभा होता.

"मीच नेतो न वहिनीले. काऊन दुसऱ्याले तरास?"

घरात कुणी घाबरलेलं असलं, की "काय झालं" हे तुम्ही कुणाकुणासमोर विचारता?