मालकाने भरायचे भाडे

"दावा लावा, वकीलसाहेब. आजच लावा," असं म्हणून गंगाबाईंनी इमारतीची चावी माझ्या टेबलावर आपटली.

मी तेव्हा अलिबागच्या कोर्टात वकिली करत होतो. गंगाबाई रेवदंड्याच्या. नवरा गेल्यावर त्यांनी राहत्या घरातच खानावळ काढली आणि नेटानं चालवली. पुढे दामू शिंपी आणि काथ्याच्या दोरांचे व्यापारी इब्राहिमभाई यांच्याबरोबर भागीत त्यांनी बंदराच्या रस्त्यावर इमारत बांधली. तिघांचा वाटा सारखा. गंगाबाईंनी त्यापायी सोन्याच्या पुतळ्यांची माळ मोडली. गाळे भाड्यानं द्यायचे, भाडं तिघांनी वाटून घ्यायचं, असा बेत होता. म्हातारपणी चूल फुंकावी लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

इमारत उभी राहिली आणि बंदराकडे तोंड असलेला पुढचा गाळा दामूनं घेतला. शेजारचा इब्राहिमभाईंनी. विहिरीकडचा मागचा गाळा रिकामाच राहिला. गंगाबाईंनी भाडं मागितलं तर दोघं म्हणाले, "आम्ही मालक. मालक कसलं भाडं देतो? मागचा गाळा तुमचा समजा."

"त्या गाळ्यात गिऱ्हाईक एकच," गंगाबाई म्हणाल्या. "मांजर."

मी त्यांना कायदा समजावला. भागीच्या मालकीत अमका गाळा अमक्याचा असं नसतं. प्रत्येक भिंतीत, प्रत्येक कौलात तिघांचा वाटा असतो. वाटपाचा दावा लावला तर कोर्ट म्हणणार, इमारतीचे तीन तुकडे नीट होत नाहीत, विका आणि पैसे वाटून घ्या. मुंबईचा एक शेठ त्या जागेवर टपून बसला होताच.

"विकायची न्हाय," गंगाबाई म्हणाल्या. "पण फुकट बी बसू द्यायची न्हाय."

अशिलाला दोन्ही हवं असतं तेव्हा वकिलाचं डोकं फिरतं. माझंही फिरलं. पण बाईचं म्हणणं खरं होतं. मी ठरवलं, कोर्टाची पायरी न चढता हिचं भाडं मिळवायचंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दामूच्या दुकानात बसलो. मी कलमं सांगितली. इब्राहिमभाईंनी अदबीनं सरबत मागवलं. दामूनं मशीन थांबवलंसुद्धा नाही.

"सायेब, माझ्या घराचं भाडं मी कुणाला देऊ? ह्या हातानं त्या हाताला?"

"त्या हातांत दोन हात दुसऱ्यांचे आहेत, दामू."

"ते कोर्टात सांगा. मला निघायचं हाय. आज आमच्या वाडीचा मक्ता हाय."

मी स्वतः चौलच्या वाडीवाल्यांच्या घरातला. मक्ता म्हणजे काय ते मला सांगायला नको. सुपारीची वाडी भावाभावांत एकत्र असली की वर्षाचं पीक एकानंच काढायचं. कोणी, ते बोली लावून ठरवायचं. जो जास्त बोलेल तो मधे ठेवलेला नारळ उचलतो. पीक त्याचं, पण बोलीचे पैसे सगळ्या भावांत वाटले जातात. बोलणारा स्वतः मालक असला तरी.

मी ताडकन उठलो. "चला, मीही येतो," म्हटलं. गंगाबाई आणि इब्राहिमभाईंनाही बरोबर घेतलं.

वाडीत बोली लावताना दामू भावांशी असा भिडला की बंदरावरचे खलाशी बरे. शेवटी थोरल्यानं नारळ उचलला. दामूनं तिथल्या तिथे हात पुढे केला.

"दादा, माझा वाटा आजच पायजे."

मी याचीच वाट बघत होतो. "दामू, तुझा दादा या वाडीचा मालक ना?"

"व्हय."

"मग मालक कसले पैसे देतो?"

दामूनं पुढे केलेला हात मागे घेतला. इब्राहिमभाई मात्र खो खो हसले. "वकीलसाब, पटलं. आमच्या गाळ्यांचा पण मक्ता करा."

दामू फुरंगटला, पण भावांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी इमारतीच्या ओट्यावर नारळ ठेवला. एकेका गाळ्याचं वर्षाचं भाडं बोलीनं ठरणार होतं. आधी पुढचा गाळा. दामू बोलला, आणि पाठोपाठ गंगाबाईंचा आवाज आला. मी चमकलो. त्यांना भाडं घ्यायचं होतं, भरायचं नव्हतं! दामू चढला, त्या चढल्या. तो दमला तेव्हा त्यांनी नारळ उचलून कमरेवर ठेवला.

"अहो, हे काय केलंत?" मी हळूच विचारलं.

"बोटीतून उतरलेला माणूस सदरा शिवायच्या आधी जेवतो," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या भाड्यातला एक वाटा माझाच न्हाय का?"

शेजारचा गाळा इब्राहिमभाईंनी राखला. मागचा मुकाट्यानं दामूनं घेतला. गंगाबाईंची खानावळ बंदराच्या तोंडावर आली आणि अशी चालली की चुलीपाशी त्यांनी दोन बायका पगारी ठेवल्या. स्वतः गल्ल्यावर बसू लागल्या. मला फार आनंद झाला. इतका माझ्या जिंकलेल्या दाव्यांनीही क्वचितच दिला असेल.

काही महिन्यांनी दामू अलिबागला माझ्याकडे आला. चेहरा लाल.

"सायेब, बायनं जेवणाऱ्यांचे पाट ओट्यावर मांडलेत. ओटा तिघांचा हाय. त्याचं येगळं भाडं पायजे. नोटीस काढा!"

"अरे, ती मालकीण आहे. मालक कसलं भाडं देतो?"

"तुम्ही वकील हाव ना?" दामू ओरडला. "मग एवढं बी कळत न्हाय?"

त्यानंतर भागीत इमारत बांधायची म्हणून माझ्याकडे जो आला, त्याला मी पाया खणायच्या आधी प्रत्येक भागीदाराचं स्वतःचं भाडं ठरवायला लावलं. त्या वेळी ओट्याचं विसरू नका, हेही सांगितलं.